बलाचे प्रकार पाठ करण्याआधी: कोण ढकलतंय आणि कुणाला?

बलाचा धडा उघडला की पहिल्याच पानावर यादी येते. स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल, स्थितिक विद्युत बल. यादी पाठ होते, 'बलाचे प्रकार लिहा' ला मार्क पण मिळतात, आणि मग अकरावीत कोणीतरी उतारावर एक ठोकळा ठेवून विचारतं की बाबा यावर कोणकोणती बलं लागतायत, तिथे गाडी अडते ती अडतेच. यात पोरांचा दोष नाही. त्या यादीतली काही नावं बल कोण लावतंय ते सांगतात, जसं स्नायू किंवा यंत्र, काही नावं ते बल कसं वागतं ते सांगतात, जसं घर्षण, आणि सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलंय. त्यामुळे यादी आली म्हणजे बल ओळखता आलं असं होत नाही.

म्हणून इथे उलट्या बाजूने जाऊया. आधी बल शोधायची पद्धत, आणि शोधताना जे जे सापडेल त्याला मग नाव. आठवी-नववीच्या पोरांना चालेल, त्यांना शिकवायला बसलेल्या आईबाबांना चालेल, आणि दहावीनंतर कॉमर्स घेतलं तेव्हापासून फिजिक्सशी बोलणं बंद आहे अशांनाही चालेल. वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

बल म्हणजे काय, थोडक्यात

एका वस्तूने दुसऱ्या वस्तूला ढकलणं किंवा ओढणं म्हणजे बल. दोन वस्तू लागतातच. हे उधारीच्या वहीसारखं आहे, देणारा कोण आणि घेणारा कोण ही दोन्ही नावं असल्याशिवाय नोंद धरायची नाही. 'चेंडूत खूप फोर्स होता' असं आपण सगळेच बोलतो, कॉमेंट्री करणारेही बोलतात, पण चेंडूच्या आत बल भरलेलं नसतं. वेगात असलेल्या चेंडूकडे संवेग असतो, गतिज ऊर्जा असते, आणि तो हातावर येऊन आपटला की तेवढ्या क्षणापुरतं चेंडूने हातावर आणि हाताने चेंडूवर बल लावलेलं असतं. हात लागायच्या आधी त्या दोघांमध्ये काही नव्हतं.

बल मोजायचं न्यूटनमध्ये. एक किलोच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद एवढा वाढवायला जेवढं बल लागतं ते एक न्यूटन. ही व्याख्या ऐकून डोळ्यासमोर काहीच येत नाही, म्हणून सोपं सांगतो, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी तळहातावर घेतली की हातावर साधारण ५ न्यूटन बल पडतं. लिटरची घेतली तर १० च्या आसपास. पुढे १५० न्यूटन, ५८८ न्यूटन असे आकडे येतील तेव्हा मनात दुधाच्या पिशव्या मोजायच्या.

पायरी १: एकच वस्तू निवडा आणि चौकोन काढा

हे इतकं साधं आहे की सगळे टाळतात. गणितात टेबल, पुस्तक, दोरी, माणूस असं सगळं असतं आणि आपण सगळ्यांवरचे बाण एकाच चित्रात घुसडतो, मग कुठला बाण कुणाचा ते कळेनासं होतं. तर ठरवा, मला फक्त पुस्तकाबद्दल बोलायचंय. पुस्तकाचा एक चौकोन काढा, आजूबाजूचं काही काढू नका. आता या चौकोनावर बाहेरून जे बल लागेल तेवढंच काढायचं. पुस्तक दुसऱ्या कुणावर जे बल लावतंय ते या चित्रात येणार नाही, ते त्या दुसऱ्याच्या चित्रात.

पायरी २: पृथ्वीचा बाण आधी काढून टाका

पृथ्वीवरच्या कुठल्याही वस्तूला पृथ्वी खाली ओढतेच, त्यामुळे विचार न करता सरळ खाली एक बाण. हेच वजन. वस्तुमान गुणिले ९.८ केलं की न्यूटनमध्ये उत्तर येतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं वजन ५८८ न्यूटन. वजनकाटा किलो दाखवतो ही आपली सोय झाली, प्रत्यक्षात काट्याला कळतं ते बल. चंद्रावर हाच माणूस गेला तर वस्तुमान ६० किलोच राहील पण तिथे ९.८ च्या जागी १.६२ आहे, सो वजन ९७ न्यूटनच्या आसपास येईल.

खरं तर गुरुत्वीय बल कुठल्याही दोन वस्तूंमध्ये असतं. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघंही ६० किलोचे, एक मीटरवर उभे असाल तर तुम्हीही एकमेकांना ओढताय, फक्त ते बल एका न्यूटनच्या साधारण चाळीस लाखाव्या भागाइतकं आहे. पृथ्वी प्रचंड आहे म्हणून तिचंच तेवढं जाणवतं. एवढुसं बल मोजताही येतं बरं का, कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाचे गोळे आणि एक बारीक तार वापरून ते मोजून दाखवलं होतं.

पायरी ३: चौकोनाच्या कडेने बोट फिरवा

माझ्या मते बल ओळखण्याची सगळी गंमत या पायरीत आहे. वस्तूच्या कडेने बोट फिरवा आणि बघा, हिला कोण कोण चिकटलंय? प्रत्येक स्पर्शाच्या जागी बल असण्याची शक्यता आहे. आणि जिथे स्पर्श नाही तिथे (गुरुत्व, चुंबक, विद्युतभार सोडले तर) बल नाही, मग ते तुम्हाला कितीही असावंसं वाटो. पुस्तकांमध्ये यालाच संपर्क बल आणि असंपर्क बल अशी विभागणी केलेली असते.

घन पृष्ठभागाचा स्पर्श असेल तर त्यातून दोन गोष्टी मिळू शकतात. एक, पृष्ठभागाला काटकोनात बाहेर ढकलणारं अभिलंब बल, ज्याला क्लासमध्ये सगळे नॉर्मल फोर्सच म्हणतात. दोन, पृष्ठभागाच्या कडेने लागणारं घर्षण. दोरी बांधली असेल तर ताण, आणि दोरी फक्त ओढते, दोरीने कुणालाही ढकलता येत नाही. स्प्रिंग दोन्ही करते, दाबली तर ढकलते, ताणली तर ओढते. पाणी किंवा हवा लागली असेल तर त्यांचं प्लावक बल (वर ढकलणारं) आणि हालचाल असेल तर अवरोध (हालचालीला अडवणारं).

आता एकेकाकडे नीट बघू.

नॉर्मल फोर्स: लिफ्टमध्ये वजनकाटा घेऊन जा

बऱ्याच जणांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की नॉर्मल म्हणजे वजनाइतकंच, फक्त वरच्या दिशेने. टेबलावर शांत पडलेल्या पुस्तकाला ते लागू पडतं, बाकी ठिकाणी फसवतं. लिफ्टचं उदाहरण करून बघा, जमलं तर बाथरूममधला वजनकाटा घेऊन खरोखर करा, शेजारचे काय म्हणतील ते म्हणू देत.

६० किलोचा माणूस काट्यावर उभा आहे. त्याच्यावर दोनच बलं, पृथ्वी खाली ५८८ न्यूटनने ओढतेय आणि काटा वर ढकलतोय. लिफ्ट थांबलेली असेल किंवा एकसारख्या वेगाने जात असेल तर काटाही ५८८ ने ढकलतो. पण लिफ्ट वर निघतानाचा तो एक झटका असतो ना, तेव्हा समजा त्वरण (वेग दर सेकंदाला किती बदलतो ते) १ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, तर माणसालाही वरच्या दिशेने ६० न्यूटन उरलेलं बल पाहिजे, ते कुठून येणार, काट्याकडूनच. म्हणून काटा ६४८ न्यूटनने ढकलतो आणि आकडा दाखवतो ६६ किलो. खाली निघताना तेच उलट, ५२८ न्यूटन, म्हणजे ५४ किलोच्या जरा खाली. पोटात गोळा येतो तो याच वेळी. पृथ्वीचं ओढणं या सगळ्यात बदललेलं नाही, बदललं ते काट्याचं ढकलणं.

यावरून अवकाशातल्या तरंगण्याचाही हिशोब लागतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, तिथे ९.८ च्या जागी ८.७ च्या आसपास असतं, म्हणजे गुरुत्वाकर्षण गायब वगैरे काही नाही. स्थानक आणि आतले अंतराळवीर दोघंही पृथ्वीकडे सोबतच पडत असतात, पण बाजूचा वेग इतका असतो की पृथ्वीचा गोलवा त्यांच्या खालून सरकत राहतो. सोबतच पडत असल्याने खालची फरशी पायांना ढकलत नाही, नॉर्मल शून्य, म्हणून वजन नसल्यासारखं वाटतं.

घर्षण: सिलिंडर सरकवताना

सगळ्यात जास्त चुका घर्षणात होतात, सो इथे जरा वेळ काढू.

घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, लोखंडाचं वजन वेगळं आणि ते सिलिंडरवरच लिहिलेलं असतं. भरलेला सिलिंडर एकूण ३० किलो धरू. पृथ्वी त्याला खाली ओढते २९४ न्यूटनने, फरशी वर ढकलते २९४ न्यूटनने. आता तुम्ही आडवं ढकला. समजा फरशी आणि सिलिंडरचं बूड यांच्यातला स्थिर घर्षणाचा गुणांक (घर्षण जास्तीत जास्त नॉर्मलच्या किती पट होऊ शकतं तो आकडा) ०.५ आहे. पोरं लगेच ०.५ गुणिले २९४ करतात आणि लिहितात, घर्षण १४७ न्यूटन. थांबा. तुम्ही २० न्यूटनने ढकललं आणि घर्षण १४७ असेल तर सिलिंडर तुमच्या अंगावर चालून यायला पाहिजे! तसं होत नाही, कारण स्थिर घर्षण गरजेपुरतंच असतं. तुम्ही २० लावलं तर घर्षण २०, १०० लावलं तर १००, आणि १४७ ही त्याची कमाल मर्यादा आहे. तिच्यापलीकडे गेलात की सिलिंडर सरकतो.

आणि एकदा सरकला की घर्षण थोडं कमी होतं. गतिज घर्षणाचा गुणांक ०.४ धरला तर ११८ न्यूटन. तुम्ही १५० ने ढकलत होतात, उरले ३२ न्यूटन, ३० किलोला भागलं की साधारण १.१ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण. जड कपाट हलेना हलेना आणि हललं की एकदम पुढे जातं, तो झटका हाच. नंतर एकसारख्या वेगाने सरकवत न्यायचं असेल तर फक्त ११८ न्यूटन पुरतात, तेव्हा एकूण बल शून्य असतं आणि तरीही सिलिंडर चालत असतो. हे वाक्य पुन्हा वाचा. एकूण बल शून्य म्हणजे वस्तू थांबलेली, असं नसतं. एकूण बल शून्य म्हणजे वेग बदलत नाही, एवढंच. (सिलिंडर घेऊन येणारे दादा तो तिरपा करून बुडाच्या कडेवर गडगडवत आणतात, त्यांनी घर्षणाशी भांडण घेतलंच नाही.)

याच मुद्द्यावर कॅरम बघा. स्ट्रायकर बोटातून सुटला, आता तो बोर्डवरून चाललाय, त्याच्यावर पुढच्या दिशेने कुठलं बल आहे? पद्धत वापरा, बोट फिरवा. खाली बोर्ड लागलाय, आजूबाजूला हवा. बोट केव्हाच सुटलं. पुढे ढकलणारं कोणीच नाही! पृथ्वी खाली, बोर्ड वर, आणि बोर्डचं घर्षण मागे, संपलं. स्ट्रायकर पुढे जातोय तो जडत्वामुळे, त्याला पुढे जात राहायला बल लागत नाही, थांबायला लागतं. पावडर टाकली की ते मागचं बल कमी होतं आणि स्ट्रायकर लांब जातो. 'चालत्या वस्तूवर चालत्या दिशेने बल असतंच' हा समज दोन हजार वर्षं मोठमोठ्या लोकांच्या डोक्यात होता, त्यामुळे तुमच्या डोक्यात असेल तर वाईट वाटून घेऊ नका, फक्त देणाऱ्याचं नाव विचारा.

अजून एक, घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, निदान अशा साध्या कोरड्या पृष्ठभागांसाठी तरी नाही. वीट आडवी ओढा किंवा कडेवर उभी करून ओढा, जवळपास तेवढंच बल लागतं. आमोंतों नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये हे मांडलं तेव्हा लोकांना पटायला जड गेलं होतं, आजही जातं.

आणि घर्षण म्हणजे नेहमी अडवणारं, असंही नाही. तुम्ही चालता तेव्हा पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमिनीचं घर्षण तुम्हाला पुढे ढकलतं. ओल्या शेवाळावर हे नीट कळतं.

ताण आणि प्लावक बल: विहिरीतली बादली

ज्यांनी विहिरीतून पाणी शेंदलंय त्यांना माहितीय, बादली पाण्यात असते तोवर हलकी, पाण्याच्या वर आली की हाताला ओढ बसते. चौकोन म्हणून बादली आणि आतलं पाणी असं एकत्र घेऊ. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो, वर दीड किलोची लोखंडी बादली. पृथ्वी खाली ओढते एकूण १६१.७ न्यूटनने, बादली कुठेही असली तरी.

पूर्ण बुडालेली असताना बाहेरचं पाणी तिला वर ढकलतं, आणि किती ढकलतं, तर जेवढं पाणी बाजूला सारलं त्याच्या वजनाइतकं. हे आर्किमिडीजचं तत्त्व. आतल्या १५ लिटरने १५ लिटर जागा व्यापलीय, म्हणजे १४७ न्यूटन तिथेच फिटले. लोखंडाने व्यापलेली जागा ०.२ लिटरच्या आत, त्याचे २ न्यूटनपेक्षाही कमी. म्हणजे दोरीला उचलायला राहिले जेमतेम १३ न्यूटन. बादली वर काढली की प्लावक बल गेलं, सगळे १६१.७ दोरीवर. वजन वाढलं नाही, मदत करणारा निघून गेला.

दोरीतला ताण दोरीभर सारखाच धरायचा, दोरी हलकी असेल तोवर. रहाटावरून दोरी गेली तर फक्त दिशा बदलते, तुम्ही खाली ओढता आणि बादली वर येते, बल तेवढंच लागतं (रहाटाची कुरकुर सोडून).

स्प्रिंग बल पटकन उरकतो. स्प्रिंग जेवढी ताणाल तेवढं बल वाढतं, एक किलो टांगल्यावर २ सेंटीमीटर ताणली तर दोन किलोला ४. हा हुकचा नियम, मर्यादेपलीकडे ताणली तर मात्र स्प्रिंग कायमची ढिली होते. भंगारवाल्याकडे असतो तो ताणकाटा याच तत्त्वावर चालतो. तसा एक छोटा काटा मिळाला तर जरूर घ्या, त्याने पुस्तक, चप्पल, वीट ओढून घर्षण मोजता येतं आणि एका दुपारी जे कळतं ते दहा गणितांत कळत नाही.

हवा

हवेचा अवरोध वेगाबरोबर वाढतो, यामुळेच पावसाने आपलं डोकं फुटत नाही. दोन किलोमीटर उंचीवरून थेंब निघाला आणि हवा नसतीच, तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर गेला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला ९ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे सायकल जोरात हाणली तर जेवढा वेग येतो तेवढा. कारण असं की वेग वाढत जातो तसा हवेचा वरचा बाण मोठा होत जातो, एका क्षणी तो वजनाइतका होतो, एकूण बल शून्य, आणि तिथून पुढे वेग कायम. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं होतं, दोन्ही एकदमच खाली पडली, तिथे हवा नाही.

पायरी ४: लांबून कोण ओढतंय का ते बघा

पृथ्वी आधीच मोजलीय, आता फक्त चुंबक आणि विद्युतभार विचारायचे. कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे उडी मारतात. पावसाळ्यात करू नका, हवेतल्या ओलाव्याने भार निघून जातो आणि पोरांसमोर फजिती होते, थंडीत मस्त होतो. यात लक्ष द्यायची गोष्ट अशी की कपट्याला खालून अख्खी पृथ्वी ओढतेय आणि वरून एक कंगवा, आणि कंगवा जिंकतो. विद्युत बलापुढे गुरुत्व किती किरकोळ आहे याचा अंदाज येतो.

चुंबकासाठी फ्रिजच्या दारावरचं खेळण्यातलं फळ घ्या, ते चुंबकवालं. ते खाली का पडत नाही? 'चुंबकीय बलामुळे' हे उत्तर अर्धंच आहे. चुंबकाचं ओढणं दाराच्या दिशेने, म्हणजे आडवं, ते वजनाला वर कसं उचलेल? बोट फिरवा. पृथ्वी खाली. दार चुंबकाला आडवं आत ओढतंय. दाराचा पत्रा त्याला आडवं बाहेर ढकलतोय, हा नॉर्मल. आणि दाराचं घर्षण वर. चार बलं. चुंबक जोरात ओढतो म्हणून नॉर्मल जास्त, नॉर्मल जास्त म्हणून घर्षणाची कमाल मर्यादा जास्त, आणि ते घर्षण फळाला धरून ठेवतं. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे हे, एका इवल्याशा वस्तूत अर्धा धडा बसतो.

पायरी ५: खोटी नावं पुसून टाका

बाण काढून झाले की प्रत्येक बाणापाशी लिहा, कोण, कुणावर. ज्याला 'कोण' लिहिता येत नाही तो बाण खोडा. खोडले जाणारे नेहमीचे दोघं असे.

पहिला, एसटीने ब्रेक मारल्यावर आपल्याला पुढे फेकणारं बल. कोण फेकतंय? कोणीच नाही. बस मंदावली, फरशीच्या घर्षणाने तुमचे पायही मंदावले, वरचं धड आधीच्याच वेगाने चालत राहिलं. दांडी धरली की दांडी तुम्हाला मागे ओढते आणि तेच खरं बल.

दुसरा, वळणावर बाहेर फेकणारं बल. इथेही फेकणारं कोणी नाही, आपलं अंग सरळ जात राहू पाहतं आणि गाडी वळते, एवढंच. आणि त्याचा भाऊ अभिकेंद्री बल, हा मात्र खोटा नाही, पण तो वेगळा प्रकारही नाही. वळायला आतल्या दिशेने बल लागतं, ते कोणीतरी पुरवावं लागतं, दोरीला बांधलेल्या दगडाला ताण पुरवतो, चंद्राला गुरुत्व, बाइकला टायर आणि रस्त्यातलं घर्षण. ताम्हिणी घाटातलं एखादं सपाट वळण घ्या, त्रिज्या २५ मीटर, बाइक आणि चालवणारा मिळून २०० किलो, वेग ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, ४, गुणिले २००, म्हणजे ८०० न्यूटन लागतात. कोरड्या डांबरावर गुणांक ०.७ धरला तर घर्षण १३७२ पर्यंत देऊ शकतं, आरामात वळता. बारीक खडी किंवा चिखल असेल आणि गुणांक ०.३ वर आला तर मर्यादा ५८८, लागतात ८००, बाइक घसरली. आणि कोरड्या रस्त्यावर वेग दुप्पट केलात तर लागणारं बल चौपट होतं, ३२०० न्यूटन, ते कुठलाही कोरडा रस्ता देत नाही. पाटीवर लिहिलेला वेग कोणी हौस म्हणून लिहीत नाही.

पायरी ६: बेरीज, आणि तिसऱ्या नियमाचा घोळ

उभे बाण वेगळे जमवा, आडवे वेगळे. बेरीज शून्य आली तर बलं संतुलित, वेग तसाच राहणार. शून्य नाही आली तर जे उरलं त्याला वस्तुमानाने भागा, त्वरण मिळालं. झालं गणित. 'वस्तुमान गुणिले त्वरण' हा वेगळा बाण चित्रात काढायचा नाही, ती बेरजेच्या दुसऱ्या बाजूची गोष्ट आहे.

राहिला न्यूटनचा तिसरा नियम, एकाने दुसऱ्यावर बल लावलं की दुसराही पहिल्यावर तेवढंच बल उलट दिशेने लावतो, या जोडीलाच क्रिया-प्रतिक्रिया म्हणतात. १६८७ मध्ये छापला गेला तेव्हापासून लोक टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि नॉर्मल यांना क्रिया-प्रतिक्रिया म्हणत आलेत आणि ते चूक आहे. तपासायचं कसं? जोडीत नावं उलटवा. 'पृथ्वी पुस्तकाला ओढते' याची जोडी 'पुस्तक पृथ्वीला ओढतं'. 'टेबल पुस्तकाला ढकलतं' याची जोडी 'पुस्तक टेबलाला ढकलतं'. वजन आणि नॉर्मल दोन्ही पुस्तकावरच लागतात, म्हणजे ती जोडी होऊच शकत नाही. पटत नसेल तर लिफ्ट आठवा, तिथे नॉर्मल ६४८ आणि वजन ५८८ होतं, आणि क्रिया-प्रतिक्रिया कधीच कमीजास्त होत नाहीत.

मग मूळ प्रकार किती?

चार. गुरुत्वीय, विद्युतचुंबकीय, आणि अणूच्या केंद्रकात चालणारी दोन, प्रबल आणि क्षीण. प्रबल बल केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनना एकत्र बांधून ठेवतं आणि केंद्रकाबाहेर त्याची पोच संपते, क्षीण बलामुळे काही प्रकारचा किरणोत्सार होतो. आपल्या धड्यात या दोघांचं काम पडत नाही. पण एक गोष्ट कळायला हवी, नॉर्मल, घर्षण, ताण, स्प्रिंग, तुमचे स्नायू, हे सगळं आतून विद्युतचुंबकीयच आहे. फरशी तुम्हाला ढकलते म्हणजे फरशीतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन तुमच्या तळव्यातल्या अणूंना जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे कुणी 'स्नायू बल हा वेगळा प्रकार का' विचारलं तर उत्तर असं की परीक्षेपुरता आहे, लिहा आणि मार्क घ्या.

सरावासाठी

खालच्या प्रत्येकावर चौकोन काढून बाण लावा आणि नावं लिहा. भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी, भिंत आणि जमीन दोन्ही खडबडीत (पाच बाण यायला हवेत). खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर, पंखा बंद. हाताने भिंतीवर दाबून धरलेला डस्टर. फांदीवरून सुटून खाली पडणारा आंबा, मधल्या वाटेवर असताना.

शेवटचं जरा मोठं, रस्सीखेच. दोन्ही संघ दोरी ओढतायत, जिंकणारा संघ दोरी जास्त जोरात ओढतो का? दोरी हलकी असेल तर ताण दोन्ही टोकांना सारखाच, समजा ८०० न्यूटन. म्हणजे दोन्ही संघांना दोरी ८०० नेच पुढे ओढतेय. मागे धरून ठेवणारं कोण, तर पायाखालची जमीन, घर्षणाने. एका संघाला जमीन ९०० पर्यंत धरू शकते, तो जागचा हलत नाही, घर्षण ८०० वर थांबतं कारण गरज तेवढीच आहे. दुसऱ्याला जमीन ७०० पर्यंतच धरू शकते, १०० न्यूटन पुढच्या दिशेने उरले, तो संघ घसरत निघाला. तेव्हा गणपतीतल्या स्पर्धेसाठी संघ निवडताना दंड नंतर बघा, आधी वजन बघा आणि बुटांचे तळ.